राजा दीनदयाळ आणि घरोघरच्या तसबिरी

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र असावे, अशी जुनी प्रथा आहे. ते चरित्र कोणाचे असावे याचा विचार करू लागलो म्हणजे प्रथम आपल्या भाषेतील संत, कवी, समाजसुधारक यांची नावे डोळ्यांपुढे येतात आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु ज्यांचा परिचय करून देण्याचे आम्ही येथे योजिले आहे ते गृहस्थ जन्माने महाराष्ट्रीय नव्हते. उत्तर हिंदुस्थानातील मेरठजवळच्या एका गावी त्यांचा जन्म झाला. त्यांची उमेदवारी होळकरांच्या इंदुरात झाली, कीर्ती निजामाच्या हैदराबादेत झाली आणि त्यांच्या व्यवसायाने अखेर मुंबईपर्यंत मजल मारली. पोटापाण्यासाठी आपला मुलूख सोडून परप्रांती जावे, तेथील चालीरीती शिकाव्यात, तेथल्या माणसांच्या घरात विश्वासाने प्रवेश मिळवावा आणि तेथेच आपले घर उभारावे, ही कथा महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपणा मराठी मंडळींना परकी वाटू नये.

हे गृहस्थ म्हणजे राजा दीनदयाळ. एकोणिसाव्या शतकातील सर्वांत विख्यात भारतीय छायाचित्रकार, ही त्यांची ओळख सर्वत्र दिली जाते. राजेमहाराजे, दरबार, शिकारी, राजवाडे आणि प्राचीन देवालये यांची त्यांनी घेतलेली छायाचित्रे ग्रंथांतून व प्रदर्शनांतून अनेकांनी पाहिली असतील. त्या मानाने त्यांच्या कामाची एक बाजू मागे पडली आहे. माणसांना, विशेषतः एका कुटुंबातील माणसांना, कॅमेऱ्यासमोर कसे बसवावे, हे शास्त्र या देशात ज्यांनी घडविले त्यांत दीनदयाळ अग्रगण्य होते. आपल्या घरातील जुन्या तसबिरींत आजोबा खुर्चीवर, आजी शेजारी, मुले पायाशी आणि तरुण मंडळी मागे उभी, अशी जी रचना आपण सहज गृहीत धरतो, ती तशीच का आली, हे या चरित्रातून पुष्कळसे उलगडते.

दीनदयाळ यांचा जन्म १८४४ साली सरधना येथे एका जैन जवाहिऱ्यांच्या घराण्यात झाला. बेगम समरूची जहागीर म्हणून इतिहासात नाव असलेले हे गाव. रत्नांची पारख ही या घराण्याची विद्या. परंतु मुलाने नव्या काळाची विद्या घ्यावी असे ठरले आणि तो रुडकीच्या टॉमसन कॉलेजात स्थापत्यशास्त्र शिकण्यास गेला. तेथील शिक्षण संपवून १८६६ मध्ये ते इंदूर येथे सरकारी बांधकाम खात्याच्या कचेरीत मुख्य अंदाजनीस व नकाशानवीस म्हणून रुजू झाले. मोजमाप, प्रमाण, रेषेची शुद्धता आणि प्रकाशछायेची जाण या नकाशानवीसाच्या गुणांचा पुढे त्यांना किती उपयोग झाला, हे त्यांची कोणतीही कृती पाहिली तरी ध्यानात येते.

इंदूर त्या वेळी दुसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या अमलाखाली होते. तुकोजीराव गादीवर आले ते १८४४ मध्येच, म्हणजे दीनदयाळ यांच्या जन्मवर्षी. माळव्याच्या मातीत रुजलेला हा दरबार मराठी होता. पगड्या आणि उपरणी, पंगती आणि मानपान, कोणी कोणापुढे कोठे बसावे याचे संकेत, हे सारे या उत्तरेकडील तरुणाने तेथे सुमारे दोन दशके जवळून पाहिले. ज्याला पुढे निरनिराळ्या जातिधर्मांच्या शेकडो घराण्यांना बैठक द्यावयाची होती, त्याला याहून चांगली शाळा मिळाली नसती.

छायाचित्रणाचा नाद त्यांना १८७४ च्या सुमारास लागला. तोपर्यंत ही कला या देशास अगदीच नवी राहिली नव्हती. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना १८५४ मध्ये झाली होती. डॉ. भाऊ दाजी आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखी विद्वान मंडळी तीत रस घेत होती. तथापि ती बहुतांशी हौशी आणि सुखवस्तू लोकांची करमणूक होती. सरकारी नोकरीतल्या एका भारतीय नकाशानवीसाने तिला जन्माचा व्यवसाय करावे, ही गोष्ट त्या काळी धाडसाचीच म्हणावी लागेल.

त्यांना पहिला आश्रय मिळाला तो तुकोजीरावांचा. महाराजांनीच त्यांची ओळख मध्य हिंदुस्थानातील गव्हर्नर जनरलचे एजंट सर हेन्री डेली यांच्याशी करून दिली. पुढे प्रिन्स ऑफ वेल्स १८७५-७६ मध्ये या देशी आले असता त्या दौऱ्याची छायाचित्रे घेण्याची संधीही दीनदयाळांना लाभली. डेली यांच्यानंतर आलेले सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर १८८२ च्या सुमारास त्यांनी बुंदेलखंड व आसपासचा प्रदेश पालथा घातला आणि ग्वाल्हेर, ओरछा, दतिया, खजुराहो, सांची येथील वास्तूंची छायाचित्रे घेतली. मध्य हिंदुस्थानातील प्रसिद्ध वास्तूंवरचा ग्रिफिन यांचा मोठा ग्रंथ १८८६ मध्ये या छायाचित्रांसह प्रसिद्ध झाला. दरम्यान १८८५ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन यांचे छायाचित्रकार म्हणून त्यांची नेमणूक झाली. या पर्वाविषयी अन्यत्र विपुल लिहिले गेले असल्याने आम्ही येथे अधिक विस्तार करीत नाही.

देवळाच्या शिखराचे चित्र घेणे आणि नांदत्या घराचे चित्र घेणे यांत मोठा भेद आहे. शिखर हलत नाही, रुसत नाही, आपल्या शेजारी कोण आहे याची त्याला फिकीर नसते. कुटुंबाचे तसे नाही. आणि त्या काळच्या यंत्रसामग्रीला तर हलणाऱ्या वस्तूचे वावडेच होते. १८७० च्या दशकात ओल्या काचेची पद्धत रूढ होती. काचेवर कोलोडियनचा पातळ लेप द्यावयाचा, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवावयाची आणि लेप ओला आहे तोवर, म्हणजे दहापंधरा मिनिटांच्या आत, चित्र घेऊन व रसायनांनी उमटवून मोकळे व्हावयाचे. काच वाळली की सारे श्रम वाया. त्यातही प्रकाशाला काचेवर परिणाम करण्यास काही सेकंद लागत. तेवढा वेळ प्रत्येकाने निश्चल राहिले पाहिजे. एकट्या माणसाला ते साधते. दहाबारा जणांच्या मेळाव्यात एखादे मूल, एखादी खोकणारी वृद्धा, एखादा डासाला हुसकावणारा हात यांपैकी काहीही एक सर्व चित्र बिघडविण्यास पुरेसे होते. जुन्या तसबिरींतील माणसे गंभीर दिसतात ती काही सदैव दुःखी होती म्हणून नव्हे. हसू काही सेकंद एकसारखे धरून ठेवणे ज्याला जमत नाही त्याने ओठ मिटून बसणे हेच शहाणपणाचे होते.

म्हणून बैठकीचे शास्त्र निर्माण झाले. उभ्या असलेल्या माणसाच्या पाठीमागे लोखंडी टेका ठेवीत आणि त्याचा चिमटा मानेला हलकेच लावून डोके स्थिर करीत. त्याचे पाय पुढून दिसू नयेत म्हणून अंगरख्याचा घोळ किंवा पडद्याची चूण तेथे आणीत. वडीलधाऱ्यांना खुर्ची देण्यात आदर तर होताच, शिवाय बसलेला माणूस कमी हलतो हेही त्यामागे होते. सर्वांत अवघड प्रश्न हातांचा. मोकळे हात अस्वस्थ होतात. म्हणून कोणाच्या हाती काठी, कोणाच्या हाती पुस्तक, कोणाचा हात तलवारीच्या मुठीवर, कोणाचा शेजारच्या मेजावर. तान्ह्या मुलाला आईच्या मांडीवर घट्ट धरवीत आणि थोड्या मोठ्या मुलांना गालिच्यावर मांडी घालून बसवीत. मंडळी अधिक असली म्हणजे रांगा सरळ न ठेवता किंचित कमानीसारख्या वळवीत, म्हणजे कडेची माणसे भिंगापासून मधल्या माणसांइतक्याच अंतरावर येतात व सर्वांचे चेहरे सारखे स्पष्ट उमटतात. हे सर्व पाहण्यासाठी छायाचित्रकार काळ्या फडक्याखाली डोके घालून कॅमेऱ्याच्या घासलेल्या काचेकडे बघे तेव्हा तेथे त्याला सर्व कुटुंब उलटे, पाय वर आणि डोके खाली असे दिसे. त्या उलट्या चित्रावरून सुलट्या घराचा तोल जमवावयाचा, अशी ती करामत होती.

परंतु केवळ यंत्राच्या सोयीने कुटुंब बसत नाही. त्यात मानाचा प्रश्न येतो, आणि दीनदयाळ यांचे खरे कौशल्य येथे दिसते. भारतीय घरात ज्येष्ठता एका मापाने मोजता येत नाही. वयाने मोठा कोण, नात्याने मोठा कोण, अधिकाराने मोठा कोण, याची उत्तरे पुष्कळदा निरनिराळी असतात. रेवा संस्थानचे राजे व्यंकटरमण सिंह यांचे उदाहरण घ्या. ते अगदी लहान वयात गादीवर आले आणि १८८२ च्या सुमारास दीनदयाळांनी त्यांचे छायाचित्र घेतले तेव्हा ते सहासात वर्षांचे होते. जे शरीराने सर्वांत लहान तेच मानाने सर्वांत मोठे! अशा प्रसंगी बालराजाला अलंकारांनी मढवून मोठ्या खुर्चीत नुसते बसवून दिले तर मूल हरवून जाते आणि खुर्चीच तेवढी दिसते. उलट केवळ मूल म्हणून दाखविले तर राजपदाचा अवमान होतो. दीनदयाळांच्या चित्रांत असे बालक राजाही दिसते आणि मूलही दिसते. मुद्रेवरचा कंटाळा व कुतूहल ते पुसून टाकीत नाहीत आणि पोषाखाची शानही उणी पडू देत नाहीत.

१८८६ मध्ये दीनदयाळांनी सिकंदराबाद येथे आपला स्टुडिओ थाटला. नोकरीचा सुरक्षित किनारा त्यांनी सोडला आणि वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी पुन्हा एकदा नव्या मुलुखात नवा डाव मांडला. हैदराबादचे सहावे निजाम मीर महबूब अली खान हे तेव्हा ऐन विशीत होते. अडीच वर्षांचे असताना १८६९ मध्ये ते गादीवर आले होते आणि १८८४ मध्ये त्यांना पूर्ण अधिकार प्राप्त झाले होते. या रसिक व शिकारीच्या शोकी राजाने दीनदयाळांना आपल्या पदरी दरबारी छायाचित्रकार म्हणून ठेवून घेतले आणि १८९४ मध्ये त्यांना राजा बहादूर मुसव्वर जंग असा किताब दिला. मुसव्वर म्हणजे चित्रकार. हातात तलवार न धरता ज्याने जंगबहादूर व्हावे असा हा मानकरी. तेव्हापासून ते राजा दीनदयाळ म्हणूनच ओळखले जाऊ लागले. १८९३ च्या शिकागो येथील विश्वप्रदर्शनातही त्यांच्या कामाचा गौरव झाला होता.

निजामाचा दरबार म्हणजे अनेक संस्कृतींचा संगम. पायगाह घराण्यातील उमराव, हिंदू अमीर, पारशी आणि इराणी अधिकारी, सिकंदराबादच्या छावणीतील इंग्रज अंमलदार हे सर्व दीनदयाळांचे गिऱ्हाईक. त्यांच्या बैठकीच्या रीती वेगळ्या, पोषाख वेगळे आणि आपण कसे दिसावे याविषयीच्या कल्पनाही वेगळ्या. इंग्रज कुटुंबाला बंगल्याच्या व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या टाकून, पायाशी कुत्रा बसवून, जणू सहज विसावले आहोत असे दिसणे आवडे. उमरावांना समोरासमोर, ताठ, सर्व किताबांसह दिसणे उचित वाटे. एकाला जे मोकळेपण वाटे ते दुसऱ्याला अमर्यादा वाटे. दोघांचेही समाधान करावयाचे आणि दोन्ही चित्रांत आपल्या हाताची शिस्त कायम राखावयाची, हे दीनदयाळांनी वर्षानुवर्षे साधले. निजामाच्या शिकारीनंतरची जी समूहचित्रे त्यांनी घेतली, त्यांतही हीच दृष्टी आहे. मारलेला वाघ पुढे, निजाम मध्ये, सरदार दुतर्फा, हाकेकरी व नोकर मागे किंवा कडेला. ते एक प्रकारचे कुटुंबचित्रच आहे. कारण दरबार हेही मानपानाने बांधलेले एक विस्तृत घरच असते.

आता त्यांच्या काळातील अशा एखाद्या स्टुडिओचे अंतरंग कसे असे, तेही पाहू. विजेच्या दिव्यांवर भिस्त ठेवण्याचे ते दिवस नव्हते. सारी मदार सूर्यावर होती. म्हणून चित्रगृहाचे छप्पर व एक बाजू काचेची करीत आणि ती शक्यतो उत्तरेकडे ठेवीत, कारण उत्तरेचा उजेड शांत असतो व घटकेघटकेला बदलत नाही. काचांवर पांढरे व निळे पडदे ओढून प्रकाश हवा तसा मऊ करता येई. मागे रंगविलेला पडदा, त्यावर खांब, कठडा, दूरची वनश्री. पुढे गालिचा, नक्षीदार खुर्च्या, लहानसे मेज, फुलदाणी. एव्हाना सुक्या काचा बाजारात येऊ लागल्या होत्या, त्यामुळे घाईने रसायने चोपडण्याचा त्रास वाचला आणि चित्र घेण्याचा वेळही पुष्कळ कमी झाला. तरीही चित्र मोठे करण्याची सोय सर्रास नव्हती. जेवढी काच तेवढा फोटो. मोठ्या कुटुंबाला मोठी काच. अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेल्या कागदावर ती काच ठेवून उन्हात धरावयाची, मग त्यावर सोन्याच्या क्षाराची छटा चढवावयाची; तेव्हा तो उबदार तपकिरी रंग येई. काचेवर बारीक पेन्सिलीने सुरकुत्या सौम्य करणारे कारागीर असत आणि तयार फोटोंना रंग भरणारे चित्रकारही असत. एका तसबिरीमागे असे अनेकांचे हात राबत. जग मात्र एकाच नावाने तिला ओळखे.

या साऱ्या थाटमाटातही एक मोठी उणीव राहून जात होती. घरातील निम्मी माणसे या चित्रांत येऊच शकत नव्हती. हैदराबादच्या कुलीन कुटुंबांत, मग ती मुसलमान असोत वा हिंदू, पडदा कडक पाळला जाई. परपुरुषाने स्त्रीचे मुख पाहावयाचे नाही, तर कॅमेऱ्यामागे उभे राहून ते टक लावून कसे न्याहाळावयाचे? परिणामी कुटुंबाचे छायाचित्र म्हणजे बाप, मुलगे, पुतणे, नातू. आई, बहीण, सून, आत्या यांचे चेहरे त्यांच्याबरोबरच काळाच्या पोटात जात. ज्या लेकीला दूर देशी दिले, तिला आईचे रूप पाहण्याचा एकही मार्ग नव्हता. आणि आई गेल्यावर तर मुळीच नव्हता.

दीनदयाळांनी यावर जो उपाय शोधला तो त्यांच्या चरित्रातील सर्वांत हृद्य भाग होय, असे आम्हांस वाटते. १८९२ मध्ये त्यांनी हैदराबाद शहरात खास जनाना स्टुडिओ उघडला. त्याच्याभोवती उंच भिंती होत्या आणि आत काम करणाऱ्या सर्व स्त्रियाच होत्या. केनी-लेव्हिक या इंग्रज बाईंकडे त्याची सूत्रे होती. पडदानशीन स्त्रीने तेथे यावे आणि कोणाही पुरुषाच्या दृष्टीस न पडता आपली छबी उतरवून घ्यावी, अशी ती व्यवस्था. पडद्याची चाल मोडण्याचा आव त्यांनी आणला नाही. ती चाल आहे तशी मानून तिच्या आतच स्त्रियांसाठी एक खिडकी त्यांनी उघडली. यात व्यापारी चातुर्य नव्हते असे कोण म्हणेल? नवे गिऱ्हाईक मिळविणे हा हेतू उघडच होता. पण ज्या घरांनी त्या स्टुडिओकडे आपल्या बायकामुलींना पाठविले, त्यांचा दीनदयाळ या नावावर विश्वास असल्यावाचून ते घडले नसते. आणि स्वतः त्यांनी काय पत्करले, तेही पाहावे. त्या दालनात नामवंत उस्तादाला स्वतःलाच प्रवेश नव्हता. आपल्या कलेचे श्रेय दुसऱ्यांच्या, तेही स्त्रियांच्या, हाती सोपवून आपण भिंतीबाहेर उभे राहणे, हे त्या काळातील किती कलावंतांना साधले असते?

ज्या काळात फोटो काढल्याने आयुष्य घटते अशी समजूत सर्वत्र होती, त्या काळातील ही गोष्ट आहे. आपल्या दादासाहेब फाळक्यांनी चित्रपटाकडे वळण्यापूर्वी बडोद्यात फोटोचा स्टुडिओ काढला, तेव्हा कॅमेरा अंगातील शक्ती शोषून घेतो या प्रवादाने त्यांचा धंदा बसला, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. आज या समजुतीला हसणे सोपे आहे. तथापि घरातील लहान मुले धडाधड दगावत असलेल्या काळात, आपल्या माणसांची रूपे एका परक्या यंत्राच्या स्वाधीन करण्यास लोक कचरले तर त्यात नवल नव्हते. त्याच भीतीची दुसरी बाजूही होती. माणूस केव्हा जाईल याचा नेम नाही, म्हणूनच त्याची छबी घरात असावी, ही ओढ हळूहळू प्रबळ होत गेली आणि अखेर तिने भीतीवर मात केली.

मुंबईची हकीकत याच संदर्भात लक्षात घ्यावी लागते. १८९६ मध्ये दीनदयाळांनी मुंबईत आपला स्टुडिओ उघडला. त्या काळातील देशातील मोठ्या स्टुडिओंत त्याची गणना होई. राजा दीनदयाळ अँड सन्स या पेढीत एकंदरीने पन्नासाहून अधिक माणसे काम करीत असत. इंग्रज, पारशी, गुजराती, मराठी, मुसलमान अशा सर्व समाजांच्या या नगरीत छायाचित्रांची हौस मोठी होती. आणि नेमक्या त्याच वर्षी, १८९६ च्या सप्टेंबरात, मांडवी भागात प्लेग प्रकट झाला. पुढील काही वर्षांत मुंबईतील व एकूण महाराष्ट्रातील किती घरे त्याने उजाड केली, हे आपल्या वाडवडिलांच्या बोलण्यातून आपण ऐकलेच आहे. स्वतः फाळक्यांची पहिली पत्नी आणि मूल याच साथीत गेले. अशा वर्षांत ज्या कुटुंबांनी एकत्र बसून छायाचित्र घेतले असेल, त्यांच्यापैकी पुढच्या दिवाळीला कितीजण उरले असतील? कुटुंबाचे चित्र ही केवळ हौसेची वस्तू नव्हती, हे त्या काळाइतके स्पष्ट क्वचितच झाले असेल.

या चित्रांचे गुणगान करताना त्यांच्या मर्यादाही सांगणे न्याय्य ठरेल. तसबिरीत घर जसे होते तसे दिसत नाही. ते जसे दिसावे असे घरातील कर्त्यांना वाटे, तसे दिसते. भावाभावांतील वाटणीचा वाद, सुनेची घुसमट, डोक्यावरचे कर्ज यांचा मागमूस तेथे नसतो. इंग्रज मुलाला कडेवर घेतलेली आया बहुधा चित्रात असते, परंतु तिचे नाव कोणी लिहीत नाही. हुक्का धरलेला नोकर कडेला अर्धा कापला जातो. दीनदयाळ हे आश्रयावर जगणारे कलावंत होते आणि ज्यांनी मोल दिले त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांनी रचना केली, हे नाकारता येत नाही. मात्र एक गोष्ट त्यांच्या बाजूने अवश्य सांगितली पाहिजे. त्यांच्या समूहचित्रांत कडेचा माणूसही तितकाच स्वच्छ उमटलेला असतो. मधल्यासाठी त्यांनी कडेच्याला धूसर होऊ दिले नाही. मानाप्रमाणे जागा ठरली, पण चेहरा प्रत्येकाला मिळाला. आज शंभराहून अधिक वर्षांनी आपली नजर कित्येकदा मधल्या किताबवाल्यावरून सरकते आणि कडेच्या त्या अनामिक माणसावर जाऊन थांबते. आणि तो आपल्याकडे तितक्याच थेटपणे पाहत असतो.

दीनदयाळांना ज्ञानचंद आणि धरमचंद हे दोन पुत्र, आणि दोघांनीही पित्याची कला उचलली. १९०३ च्या दिल्ली दरबाराची छायाचित्रे या पेढीने घेतली तेव्हा तिची कीर्ती शिखरावर होती. परंतु पुढच्याच वर्षी, १९०४ मध्ये, धरमचंद निवर्तले. इतरांची घरे ज्याने काचेवर अखंड राखली, त्याच्या स्वतःच्या घरातील जागा अशी रिकामी झाली. या आघातानंतर दीनदयाळ फार काळ राहिले नाहीत. १९०५ च्या जुलै महिन्यात, वयाच्या एकसष्टाव्या वर्षाच्या आसपास, त्यांचे देहावसान झाले. पेढीचा भार ज्ञानचंदांवर पडला. काळही बदलत होता. हातात मावणारे स्वस्त कॅमेरे आले, घरोघरचे हौशी लोक आपली चित्रे आपणच घेऊ लागले आणि काचेच्या छपराच्या त्या भव्य चित्रगृहांचे दिवस हळूहळू सरले.

पुढे या घराण्याने जपून ठेवलेल्या काचांपैकी २८५७ निगेटिव्ह १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने घेतल्या आणि त्यामुळे एका मोठ्या ठेव्याचे रक्षण झाले. २००६ मध्ये भारतीय डाक खात्याने दीनदयाळांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. सरधन्याच्या जवाहिऱ्याच्या मुलाचा असा यथोचित सन्मान झाला, ही समाधानाची गोष्ट आहे. काचेसारख्या ठिसूळ वस्तूवर ज्याने आयुष्य वेचले, त्याचे काम शतकाहून अधिक टिकले. पण जी काच टिकली तिच्यावरील कित्येक माणसांची ओळख मात्र टिकली नाही. पेढीत काचांवर क्रमांक घालण्याची शिस्त होती. परंतु क्रमांक म्हणजे नाव नव्हे. गिऱ्हाइकाने घरी नेलेल्या फोटोच्या मागे दोन ओळी लिहिल्या असत्या, तर आज ते आजोबा कोणाचे आणि ती मुले कोणाची, हे आपल्याला सांगता आले असते. ते काम छायाचित्रकाराचे नव्हते. ते घरच्यांचे होते आणि घरच्यांकडून ते राहून गेले. त्यांना वाटले असावे की आपली माणसे आपण ओळखतोच, लिहावयाचे कशाला? दोन पिढ्या गेल्या, आणि ओळखणारेच उरले नाहीत.

परप्रांतात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना ही गोष्ट विशेष लागू पडते. गावच्या वाड्यात नावे सांगणारी एखादी तरी वृद्ध आत्या असते. नोकरीनिमित्त दूर आलेल्या कुटुंबांत ती सोय नसते आणि मुलांची तर गावाशी ओळखच विरळ होत जाते. आपले मंडळ हेही गेल्या पन्नास वर्षांत वाढलेले एक कुटुंबच आहे. गणेशोत्सव, नाटके, हळदीकुंकू, वार्षिक सभा यांच्या निमित्ताने कितीतरी समूहचित्रे या काळात घेतली गेली असतील. त्यांत अध्यक्ष मध्ये आणि कार्यकारिणी दुतर्फा, ही बैठक दीनदयाळांच्या काळापासून चालत आलेलीच आहे; आणि सतरंज्या घालणारे, पडदा ओढणारे, प्रसादाचे पातेले ढवळणारे हातही तशाच रीतीने कडेला उभे आहेत. या सुवर्णमहोत्सवी वर्षात आपल्या मंडळाने व प्रत्येक सभासदाने आपल्याजवळच्या जुन्या छायाचित्रांच्या मागे साऱ्यांची नावे, गाव आणि साल लिहून ठेवावे, मधल्यांची आणि कडेच्यांचीही, असे आम्ही सुचवितो. त्यासाठी वयोवृद्ध सभासदांना एखाद्या दुपारी एकत्र बोलावून ती चित्रे त्यांच्यापुढे ठेवावीत. आज ते सांगू शकतात.

राजा दीनदयाळांनी आपले काम चोख केले. प्रत्येकाला चेहरा दिला. त्या चेहऱ्याला नाव देण्याचे काम मागे राहणाऱ्यांचे आहे.